दोन झोपा, पाच जेवणं

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानमालेत लालबाग, इंदूर इथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘प्रवास आणि भाषा’ असा विषय मला कळवला, तेव्हा मी जरा घाबरलेच. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. साहित्यावर बोलायचा माझा वकूब नाही. तेव्हा मला जे येतं तेवढंच बोलते. दोन शहरांमधलं अंतर कसं मोजायचं, एवढंच. शहरं अशी: एक आपलं इंदूर आणि दुसरं अमेरिकेतलं सिएटल.

सिएटल एवढ्यासाठी की माझा धाकटा भाऊ वीस वर्षांहून जास्त काळ तिथे आहे. आणि आपण ज्या लालबागेत बसलो आहोत तिचाही त्या गावाशी धागा आहे. या वाड्याचं बांधकाम १८८६ मध्ये सुरू झालं आणि १९२१ मध्ये, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, पुरं झालं. त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. ती सिएटलची. नाशिकला तिला हिंदू धर्माची दीक्षा दिली, शर्मिष्ठा हे नाव ठेवलं आणि १७ मार्च १९२८ ला बडवाहला लग्न लागलं. लंडनहून कराचीपर्यंत प्रवासी विमान सुरू झालं ते त्यानंतर वर्षभराने, १९२९ च्या मार्चमध्ये, आणि त्यालाही सात दिवस लागत. म्हणजे सिएटलची ही सून आली ती आगगाडी आणि आगबोटीनेच. तो प्रवास आठवड्यांत मोजायचा.

आज फोनवर ‘इंदूर ते सिएटल अंतर’ असं विचारलं तर लगेच उत्तर येतं: सुमारे १२,००० किलोमीटर, विमानाने पंधरा तास. आकडा बरोबर आहे. पण असं विमानच नाही. कुणीतरी बारा हजाराला ताशी आठशेने भागलं, एवढाच त्या पंधरा तासांचा अर्थ. माझ्या वर्गात असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर गणिताचे गुण दिले असते, भूगोलाचे कापले असते.

हे बारा हजार किलोमीटर कुठून जातात, ते मात्र बघण्यासारखं आहे. शाळेत मी एक प्रयोग करायची. भिंतीवरच्या नकाशावर मुलांना इंदूरहून सिएटलला जायला सांगायचं. सगळी मुलं बोट आडवं फिरवायची: अरबस्तान, युरोप, अटलांटिक, मग सबंध अमेरिका ओलांडून पलीकडचा किनारा. मग मी पृथ्वीगोल काढायची आणि दोन शहरांमध्ये दोरी ताणून धरायला लावायची. दोरी घट्ट ओढली की ती आपोआप वर सरकते. इंदूरहून ती जवळजवळ सरळ उत्तरेला निघते, किंचित पूर्वेकडे कलून; कझाकस्तान आणि रशियावरून ७८ अंश अक्षांशापर्यंत चढते आणि पलीकडे कॅनडावरून खाली उतरते. सपाट कागदावर जे शेजारी दिसतं ते गोलावर शेजारी असतंच असं नाही, हे मुलांना एकदम पटायचं. एका मुलाने मला विचारलं होतं, “मॅडम, मग सांताक्लॉजचं घर रस्त्यातच लागतं का?” जवळपास लागतं, म्हटलं.

पण इंदूरहून असं कुणी जाऊ शकत नाही. २०१९ च्या जुलैत आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं ते दुबईला. तेव्हा आपण सगळे फार खूश होतो, मीही. माझ्या भावाला मी लगेच फोन केला, “आता अर्ध्या वाटेवर आलो बघ!” नंतर दोरी घेऊन बसले. इंदूरहून दुबई सुमारे २,१०० किलोमीटर. दुबईहून सिएटल सुमारे ११,९३० किलोमीटर. म्हणजे एकवीसशे किलोमीटर उडून दुबईला पोचल्यावर सिएटल आपल्याला किती जवळ आलेलं असतं? सत्तर-ऐंशी किलोमीटर. इथून ओंकारेश्वरला जाल, जवळजवळ तेवढं. दिल्लीवरून दुबईला गेलं तर उत्तरेला जायचं, परत दक्षिणेला उतरायचं आणि मग पुन्हा उत्तरेला. एकूण साडेचौदा हजारांच्या वर. वाट वाकडी का करायची, तर विमान तिथून सुटतं म्हणून. आपल्या पूर्वजांना हे सांगायची गरज पडली नसती. तेही विहीर, धर्मशाळा आणि नावाडी असेल तिथूनच जायचे.

भाषेकडे येते. अंतराचे आपले जुने शब्द बघा. कोस हा संस्कृत ‘क्रोश’वरून आला, आणि क्रोश म्हणजे हाक. आपण अजून ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतोच. मजल हा अरबी-फारसीतला ‘मंझिल’. एका दिवसात चालून जिथे उतरायचं ते ठिकाण, आणि मग तिथवरची वाटसुद्धा. ‘मजल दरमजल’ म्हणताना पाय दुखल्यासारखे वाटतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरून निघाले आणि आपल्या महूकडून पुढे ग्वाल्हेर, झाशीपर्यंत गेले. ‘माझा प्रवास’ वाचताना लक्षात येतं की अंतर म्हणजे त्यांच्या लेखी वाटेतले मुक्काम, भेटलेली माणसं आणि सुटलेलं सामान. या सगळ्या शब्दांत माणसाचं शरीर आहे: त्याचा गळा, त्याचे पाय. किलोमीटरमध्ये शरीर नाही. म्हणून तो कुणाचाच नसतो आणि सगळ्यांना चालतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तोच शिकवून पेन्शन घेते.

माझी आई मात्र किलोमीटर मानायची नाही. ती नाशिकची. १९५९ मध्ये लग्न होऊन इंदूरला आली. नाशिक रोडला मोठ्या गाडीत बसायचं, खांडव्याला उतरायचं, ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायच्या आणि छोट्या गाडीत बसायचं. ही छोटी गाडी म्हणजे होळकरांची मीटरगेज. दुसऱ्या तुकोजीरावांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. ती गाडी मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची, मग कालाकुंड ते पातालपाणी घाट चढायची. आई म्हणायची, “खांडव्याला गाडी बदलली की माहेर संपायचं. नर्मदेत पैसा टाकला की सासर सुरू व्हायचं. मधले दोन तास मी कुणाचीच नसायचे.” नाशिक इथून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरसुद्धा नाही. तरी लग्नानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत ती तीनदा माहेरी गेली.

तीच आई २०११ मध्ये एकटी सिएटलला गेली. इंग्रजी येत नाही, चाकाची खुर्ची मागितलेली, आणि हातात भावाने चार भाषांत लिहून दिलेला कागद. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, “किती लांब आहे हो?” आई म्हणाली, “दोन झोपा आणि पाच जेवणं.” त्यातलं एक जेवण तिने खाल्लं नव्हतं, कारण त्यात काय होतं ते कळलं नव्हतं, पण मोजलं मात्र होतं. मी हसले होते. आता वाटतं, कोस आणि मजल यांच्या ओळीत बसेल असं एवढंच एक माप या प्रवासाला मराठीत मिळालं आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. घरचं आहे, पण त्याशिवाय हा विषय मला बोलता येणार नाही.

२०२३ च्या जानेवारीत, एका सोमवारी पहाटे साडेचारला आई गेली. मी भावाला फोन केला तेव्हा त्याच्याकडे रविवारची दुपार होती, तीन वाजलेले. हिवाळ्यात ते आपल्या साडेतेरा तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेबारा. त्याला ती बातमी मिळाली तेव्हा त्याच्या तारखेने आई अजून जिवंत होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं आणि बरेच दिवस छळत राहिलं.

तासाभरात त्याने तिकीट काढलं. त्याच्या रात्री साडेआठला, म्हणजे आपल्या सोमवारी सकाळी दहाला, विमान. चौदा तास दुबई. चार तास हॉल्ट. मग दिल्ली. मग इंदूर. सगळं वेळेवर झालं तर मंगळवारी दुपारी बारा. पहाटे साडेचारपासून मोजले तर साडेएकतीस तास. विमानात चढण्याआधी तो म्हणाला, “ताई, मी निघालोय. थांबशील ना?”

मी म्हटलं, “ये तू.”

भाषेच्या अकादमीत उभी आहे म्हणून कबूल करते: त्या दोन शब्दांत मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मराठीत हे फार सहज जमतं.

घरात दोन मतं होती. बर्फाची पेटी मिळत होती, ठेवता आलं असतं. मामा नाशिकहून गाडीने निघाले होते, ते दुपारपर्यंत येणार होते. आईनेच कितीदा सांगून ठेवलं होतं की माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका, मला पेटीत घालू नका, मला थंडी सोसत नाही. हे ती हसत हसत म्हणायची, पण म्हणायची. वडील आधीच गेलेले. निर्णय माझ्यावर आला. दुपारी तीन वाजता मी मामांना म्हटलं, उचलू या. विमानातल्या माणसाला विचारायची सोय नव्हती, आणि असती तर मी विचारलं असतं का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मुक्तिधामात अग्नी मीच दिला. तेव्हा पाच वाजले होते.

मराठीत ‘अंतर देणं’ असा एक वाक्प्रचार आहे. विद्यार्थी मित्रांनी तो परीक्षेपुरता पाठ केला असेल: अंतर देणे म्हणजे सोडून देणे, उपेक्षा करणे. लग्नात, निरोपात वडीलधारी माणसं म्हणतात, हिला अंतर देऊ नका. ‘अंतर’ म्हणजे दोघांमधली जागा, आणि ‘अंतर’ म्हणजे आतलं, मनातलंही. एकाच शब्दात दोन्ही कशी राहतात याचं मला शाळेत असताना नवल वाटायचं. त्या संध्याकाळी घरी येऊन आंघोळ करताना हाच वाक्प्रचार डोक्यात होता. कुणाला अंतर दिलं मी, आईला की त्याला?

त्याला दुबईत उतरल्यावर कळलं. फोनवर तो फक्त “बरं” म्हणाला. मग थोड्या वेळाने, “तू दिलास ना अग्नी? मग ठीक आहे.”

पुढे काय झालं ते ऐका. मंगळवारी सकाळी दिल्लीत धुकं. त्याचं विमान दुसऱ्याच शहरात उतरवलं, तिथून ते कधी सुटेल ते कुणी सांगेना, आणि तो घरी पोचला बुधवारी पहाटे. म्हणजे आम्ही थांबलो असतो तर आणखी पंधरा-सोळा तास थांबावं लागलं असतं. नातेवाइकांनी लगेच हिशेब केला की बघा, बरंच झालं. मी तो हिशेब भावासमोर कधी मांडला नाही. धुकं माझ्या निर्णयानंतर पडलं होतं. त्याचा फायदा मी कसा घेणार?

बुधवारी तिसरा दिवस, अस्थी गोळा करायच्या होत्या. त्याला तो पोचला. दिवस मोजताना गुरुजींनी एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर पडताळून घेतली. पूर्वी दूर देशी असलेल्या माणसाला घरच्या मृत्यूची बातमी उशिरा कळायची. त्याने सुतक किती दिवस धरायचं हा धर्मशास्त्रात मोठा प्रश्न होता. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस धरायचे, असा सर्वसाधारण नियम. पण मुळात ‘दूर देश’ कुठे सुरू होतो? त्यासाठी ‘देशांतर’ या शब्दाची व्याख्या करावी लागली. काही जण म्हणाले साठ योजनं, काही चाळीस, काही तीस. आणि बृहस्पतीच्या नावावर एक वेगळं मत दिलेलं आहे, त्यात योजनं येत नाहीत. मध्ये मोठी नदी असेल, किंवा पर्वत आड येत असेल, किंवा जिथे बोली बदलते, ते देशांतर.

मी गुरुजींना म्हटलं, “म्हणजे आमची आई देशांतरालाच आली होती की.” नर्मदा मध्ये, घाट मध्ये, आणि खांडव्याच्या फलाटावर हमाल हिंदीत बोलायला लागायचा. तिन्ही अटी पुऱ्या. पावणेचारशे किलोमीटरमध्ये.

आणि भाऊ? बारा हजार किलोमीटरमध्ये त्याला एकही नदी ओलांडावी लागत नाही, पर्वत पायाखाली राहतात. बातमी त्याला पाच मिनिटांत मिळाली. उरते ती तिसरी अट. त्याच्या घरी मराठी बोलतात. वहिनी पुण्याच्या, अगदी शुद्ध बोलतात. गणपतीत मंडळात नाटक होतं, त्यात भाऊ दरवर्षी काम करतो. पण सोमवारी दुपारी, भाऊ हवेत असताना, माझ्या भाच्याचा फोन आला होता. चौदा वर्षांचा आहे. आई-बाबांनी सांगितलं म्हणून त्याने केला नव्हता, त्याला स्वतःला बोलायचं होतं. तिथे मध्यरात्र होती. थोडा वेळ नुसताच श्वास ऐकू आला, मग म्हणाला, “आत्या, आजी संपली?”

मी काही बोलू शकले नाही. दुःखाने म्हणाल तर दुःख होतंच, पण तो शब्द असा अंगावर आला. औषध संपतं, दूध संपतं, सुट्टी संपते. माणूस आपल्याकडे जातो. आपण म्हणतो गेली, वाट धरली, पुढे गेली. मरणाला आपल्या भाषेने प्रवासाचंच क्रियापद दिलं आहे. त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण हे शिकवायचं नसतं, घरात कुणी गेलं की कानावर पडतं. त्याच्या घरात आजवर कुणी गेलंच नव्हतं. जाणारे सगळे इथे होते. त्याच्याकडे होते ते शब्द त्याने घेतले आणि इतक्या रात्री जागून मला विचारलं.

मी म्हटलं, “हो रे बाळा, गेली.” तो म्हणाला, “गेली,” नुसता माझ्यामागून, जसं मुलं वर्गात म्हणतात.

इथे शिक्षक बरेच आहेत म्हणून सांगते. परदेशातल्या मराठी शाळांची पुस्तकं मी नंतर मागवून पाहिली. भाज्या आहेत, रंग आहेत, सण आहेत, आणि ती माणसं शनिवार-रविवार मोडून हे करतात, त्यांना माझा नमस्कार. पण आपल्याकडच्या पुस्तकांत तरी हे कुठे आहे? इंदुरात जन्मलेला माझा पुतण्या ‘आजी ऑफ झाली’ म्हणाला होता. बृहस्पतीची तिसरी अट लागू करायची झाली तर विमानतळावर जायचीसुद्धा गरज नाही.

अस्थी घेऊन आम्ही मोरटक्क्याला गेलो. बडवाह ओलांडून पुढे, नर्मदेच्या काठावर, जुना रेल्वेपूल दिसतो तिथे. छोटी गाडी तेव्हा शेवटचे दिवस मोजत होती. पुढच्याच महिन्यात मोठ्या रुळांच्या कामासाठी तो टप्पा बंद झाला. आता मनमाड-इंदूर थेट मार्गही मंजूर आहे, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली: ३०९ किलोमीटर, सुमारे १८ हजार कोटी रुपये. तो झाला की आईचं माहेर एका गाडीत येईल, खांडव्याला उतरावं लागणार नाही. ती असती तर म्हणाली असती, मग मधले दोन तास मिळणार कुठून?

काठावर भाऊ बराच वेळ पायऱ्यांवर बसला होता. मग म्हणाला, “ताई, पाच वाजता ना?” मी हो म्हटलं. त्याने मनाशी तास मोजले. “सात तास झाले होते मला. समोरच्या पडद्यावर नकाशा चालू होता. सगळं पांढरं, एकही गाव नाही, नुसता आकडा. दुबईला सहा हजार किलोमीटर बाकी.” घरी आल्यावर आम्ही दोघांनी पृथ्वीगोल काढला. सिएटल ते दुबई दोरी ताणली तर ती ध्रुवापासून पावणेदोनशे किलोमीटरवरून जाते. प्रत्यक्ष विमान थोडं इकडेतिकडे होत असेल. दोरीच्या मध्यावर त्याने बॉलपेनने एक ठिपका केला. शाळेचा गोल आहे, निवृत्त होताना मुलांनी भेट दिलेला. ठिपका अजून आहे.

आईची एक सवय होती. कुणीही घरून निघालं, अगदी देवासला जायचं असलं तरी, ती म्हणायची, पोचल्याचं कळव. आमच्या लहानपणी त्यासाठी पत्र असायचं. मी नाशिकला आजीकडे गेले की पहिलं काम पोस्टकार्ड: सुखरूप पोचले. ते इंदूरला मिळायला चार दिवस लागायचे, तोवर कधी कधी मी परत निघालेली असायची. भाऊ त्या वेळी तेरावं करून परत गेला. निघताना मी त्याला काही म्हटलं नाही. ते म्हणायचं काम माझं नव्हतं कधी. रात्री दिल्लीहून निरोप आला, ‘पोचलो’. मग दुबईहून, ‘पोचलो’. मग दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे पहाटे, सिएटलहून. तेव्हापासून तो कामासाठी कुठेही गेला, शिकागो, बोस्टन, की हा शब्द मला येतो. मागच्या महिन्यात एक ‘पोचलो’ भाच्याच्या फोनवरून आला. शाळेच्या सहलीला गेला होता. कुठे ते लिहिलं नव्हतं.